वध आणि खून यांतील अंतर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या जत्रेत मध्यरात्रीनंतर जे नाटक रंगते, त्यात कोण कोणाला मारणार हे कधीच गुपित नसते. संकासुराने वेद पळविले की विष्णू त्याचे पारिपत्य करणार आणि आख्यानातला दैत्य कितीही गर्जला तरी पहाटेपूर्वी तो कोसळणार, हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. तरीही गाव पहाटेपर्यंत जागते. रहस्याचा लवलेश नसलेल्या या नाटकाला पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक लाभला, कारण लोक तेथे मारेकरी शोधायला जात नाहीत. अधर्माचा शेवट सर्वांच्या साक्षीने कसा होतो, हे पाहायला जातात.

अशा या दशावताराला थेट गुन्हेकथेच्या चौकटीत बसविण्याचे धाडस सुबोध खानोलकर यांनी आपल्या ‘दशावतार’ या चित्रपटात केले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि मराठी प्रेक्षकाने त्याचे मनापासून स्वागत केले. दिलीप प्रभावळकरांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर साकारलेला बाबुली मेस्त्री हा वृद्ध दशावतारी कलावंत दीर्घकाळ स्मरणात राहील. बाबुलीची दृष्टी अधू होत चालली आहे, आणि आता बापाने रंग पुसावा, असे मुलगा माधव याला वाटते. गावाच्या जंगलावर खाणीचे सावट येते, त्यातच माधवचा बळी जातो, आणि त्यानंतर एकेका अपराध्याला अवताराच्या रूपात मृत्यू गाठू लागतो. या मृत्यूंचा माग काढत महेश मांजरेकरांनी रंगविलेला पोलीस अधिकारी मायकल डिकॉस्टा गावात येतो. शेवट येथे सांगून कोणाचा रसभंग करावयाचा नाही. परंतु या कथेच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावरही सुटत नाही, आणि तो सुटल्यावाचून राहू नये म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न असा : अवताराने केलेला वध आणि अवताराचा वेष घेतलेल्या दुःखी बापाने केलेला खून, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

प्रेक्षक कोणाच्या बाजूने?

रहस्यपटाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात सत्य शेवटपर्यंत झाकलेले असते आणि प्रेक्षक शोध घेणाऱ्याबरोबर चालतो. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ हे मराठीतील त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या प्रकारात मारेकरी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते, ठाऊक नसते ते फक्त पोलिसांना. तेव्हा उत्सुकता ‘कोण?’ याविषयी न राहता ‘हा सापडेल काय?’ याविषयी निर्माण होते. आणि येथेच प्रेक्षकाच्या मनात एक सूक्ष्म बदल घडतो. तो नकळत मारेकऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. तपास करणारा अधिकारी पुरावा गोळा करू लागला की आपल्याच घरावर धाड पडल्यासारखी त्याच्या छातीत धडधड होते.

हे आपल्याला अगदीच नवे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार काय किंवा काळापहाड काय, त्यांचे नायक कायद्याच्या चौकटीत मावणारे नव्हते, आणि पांढरपेशा मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून त्यांची पुस्तके वाचत वाढल्या. मात्र त्या गोष्टी मिटल्या की मिटल्या. त्यांतले शहर, त्यांतले खलपुरुष आणि त्यांतली भुयारे कोणी खरी मानीत नसे. आजचा चित्रपट आपल्या गावचे नाव घेतो, आपल्या बोलीत बोलतो, आपल्या खऱ्या जखमेवर बोट ठेवतो. म्हणून त्याने दिलेले उत्तर तपासून पाहण्याची जबाबदारीही मोठी असते.

मराठी माणसाशी जवळचे नाते असलेले तीन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. २००५ मध्ये निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला. रोजच्या लहानमोठ्या भ्रष्टाचाराने पिचलेला, बँकेत नोकरी करणारा माधव आपटे एके दिवशी हातात बॅट घेतो आणि शहर दुरुस्त करायला निघतो. पोलीस त्याच्या मागावर असतात आणि त्याचा अंत मृत्यूत होतो. २०१५ मध्ये कामत यांनीच मल्याळम कथेवरून हिंदीत ‘दृश्यम’ केला. सिंधुदुर्गाला खेटून असलेल्या गोव्यातला विजय साळगावकर कुटुंबाच्या रक्षणासाठी एक मृत्यू लपवतो आणि संपूर्ण पोलीसयंत्रणेला बुद्धीच्या बळावर चकवतो. आणि २०२५ मध्ये बाबुली मेस्त्री येतो.

दहा-दहा वर्षांच्या अंतराने आलेले हे तीन नायक. तिघेही साधे, कष्टाळू, कुटुंबवत्सल. तिघांच्याही मागे पोलीस लागतात. मात्र त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलत गेली, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिल्याच्या उद्रेकाची किंमत त्याला प्राण देऊन मोजावी लागली आणि आपण हळहळलो. दुसरा चातुर्याने निसटला आणि आपण टाळ्या वाजविल्या. तिसऱ्याच्या मस्तकावर तर देवाचा मुकुट चढला आणि आपले हात जोडले गेले. हळहळ, टाळी आणि नमस्कार, असा हा वीस वर्षांचा प्रवास आहे. तो पडद्यावर जितका झाला, त्याहून अधिक आपल्या मनात झाला. न्याययंत्रणेविषयीचा आपला विश्वास किती पातळ झाला आहे, याचे हे मोजमाप आहे. ते दाखविल्याबद्दल चित्रपटकर्त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आरशावर रागावून चेहरा बदलत नसतो. पण आरशात जे दिसले त्यालाच आदर्श समजणे, हे मात्र टाळले पाहिजे.

रंगमंचावरील वधाचे नियम

दशावतारात वध कसा होतो, हे बारकाईने पाहिले म्हणजे दोहोंतील अंतर स्पष्ट होते. नाटकाचा आरंभ गणपतीच्या आगमनाने होतो. ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला संकासुर येतो. तो असुर खरा, पण मालवणी बोलीत गावच्या चुका काढीत सर्वांना हसवतो. म्हणजे त्याला बोलू दिले जाते, त्याची बाजू ऐकली जाते. त्यानंतर त्याचा अंत होतो. पुढे उत्तररंगातल्या आख्यानातही तीच रीत. दैत्य दरबार भरवितो, आपले म्हणणे मांडतो, त्याला समजाविणारे येतात, तो ऐकत नाही. लिखित संहिता नसल्याने हे वाक्‌युद्ध कधीकधी तासभर रंगते. शस्त्र उचलले जाते ते सर्वांत शेवटी, समई-बत्त्यांच्या पूर्ण उजेडात, देवळासमोर, बायाबापड्यांपासून मानकऱ्यांपर्यंत अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत.

आणि पहाटे काय होते? दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, नट रंग पुसतो, मुकुट पेटाऱ्यात जातो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी कलावंताविषयीची म्हण त्याच्या दारिद्र्याबद्दल सांगितली जाते, आणि ते दारिद्र्य खरेच आहे. पण तिच्यात एक शहाणपणही आहे. देवत्व रात्रीपुरते उसने मिळते. जे गावाकडून मिळाले ते उजाडताच गावाला परत करावयाचे असते. ते अंगावर वागवत घरी जाण्याची मुभा कोणालाही नाही.

पुराणकथांचाही हाच दंडक आहे. शिशुपालाचे शंभर अपराध मोजले गेले आणि त्यानंतर भर राजसभेत त्याचा वध झाला. महायुद्धापूर्वी श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईला गेले आणि पाच गावांवर तोड मागितली. लंकेवर चाल करण्यापूर्वी अंगदाला पाठविले गेले. प्रत्येक ठिकाणी क्रम तोच आहे : अपराधाची मोजणी, सुधारण्याची संधी, उघड घोषणा, आणि मग दंड. आजच्या भाषेत सांगायचे तर आरोप, सुनावणी, निकाल आणि शिक्षा. आपल्या परंपरेतील अवतार हे कायदा मोडणाऱ्याचे प्रतीक नव्हेत, कायदा कसा चालावा याचे ते वस्तुपाठ आहेत. गुपचूप गाठून केलेला घात कितीही न्याय्य वाटला तरी त्यात हे टप्पे नसतात. तेथे फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी ही तिन्ही सोंगे एकच माणूस घेतो.

परशुरामाने शस्त्र कोठे ठेवले?

यावर कोणी म्हणेल, की मग परशुरामाचे काय? पित्याच्या हत्येचा सूड म्हणून त्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली अशी कथा आहे. बाबुली मुलासाठी पेटून उठतो, भार्गवराम पित्यासाठी पेटून उठला. मग फरक कोठे राहिला?

हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर कोकणच्या मातीतच दडलेले आहे. परशुरामाची कथा सूडापाशी संपत नाही. जिंकलेली सारी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली. दान केलेल्या भूमीवर राहण्याचा अधिकार उरला नाही म्हणून तो सह्याद्रीच्या कड्यावर आला, त्याने समुद्राला मागे हटविले, आणि त्या नव्या भूमीवर माणसे वसविली. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रापासून थेट दक्षिणेपर्यंत सारी किनारपट्टी ही कथा आपली मानते. म्हणजे परंपरेने सर्वांत भयंकर सूड घेणाऱ्या अवतारालाही मोकळे सोडले नाही. सूडाने मिळालेले सर्व त्याच्याकडून सोडविले, त्याला जनपदापासून दूर केले आणि अखेर निर्मितीच्या कामाला लावले. कोकण हे परशुरामाच्या परशूचे फळ नव्हे, परशू खाली ठेवल्यानंतरचे फळ आहे, हे आपण कोकणवासीयांनी तरी विसरता कामा नये.

म्हणूनच या भूमीतील कथेत सूडाला अंतिम शब्द देताना दहा वेळा विचार केला पाहिजे. २०२२ मध्ये आलेल्या कन्नड ‘कांतारा’ने शेजारच्या किनाऱ्यावरची दैवपरंपरा देशभर पोहोचविली, तेव्हाही जंगल, जमीन आणि देव यांची हीच गुंफण दिसली होती. लोकश्रद्धेला पडद्यावर मानाचे स्थान मिळते आहे, हे आनंददायकच आहे. एके काळी कोकण म्हटले की पडद्यावर फक्त भुताटकी दिसत असे. २०१६ साली कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेवर, ती कोकणाची अंधश्रद्ध प्रतिमा उभी करते, असे आक्षेप घेतले गेले होते. त्या तुलनेत ‘दशावतार’मधले कोकण आतून पाहिलेले आहे. मात्र श्रद्धेला मान देणे वेगळे आणि तिला शस्त्रागार बनविणे वेगळे.

पण न्याय मिळतो कोठे?

या सर्वांवर सामान्य माणसाचा एकच सवाल असतो : ‘हे ठीक आहे, पण न्याय मिळतो कोठे? पैसेवाले खाण घेऊन येतात, अधिकारी डोळे मिटतात, तक्रार करणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो. मग माणसाने करावे काय?’ हा सवाल टाळता येण्यासारखा नाही. चित्रपटातली खाण हा कल्पनाविलास नाही. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीला ग्रामस्थांचा विरोध होता. २०२१ च्या जुलै महिन्यात तेथील खाणीत साठलेले पाणी बांध फोडून गावात शिरले आणि घरे व बागायती चिखलाने भरून गेल्या. लोक ज्याची भीती घालीत होते ते प्रत्यक्ष समोर उभे राहिले. अशा वेळी शांतपणे कायद्याच्या गोष्टी सांगणे हे पोटभरल्याचे प्रवचन वाटू शकते.

परंतु या जिल्ह्याचाच इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला, तर वेगळे चित्र दिसते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्या काळात सिंधुदुर्गातील पंचवीस गावांनी ग्रामसभेत ठराव करून आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावा, अशी मागणी केली होती. कोणाच्या हाती सुदर्शन नव्हते, हाती होते ते ठरावाचे इतिवृत्त. पुढे सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यजीव संचारमार्गाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने तेथील वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये हा पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याबाबत केंद्राला चार महिन्यांची मुदत घालून दिली. या एका लढ्याला एका पिढीइतका काळ लागला. तो अजून पूर्णत्वास गेलेला आहे असेही नाही. पण त्या काळात उभी राहिलेली झाडे आज उभी आहेत.

मालवणच्या किनाऱ्याकडे वळू या. पर्ससीन जाळ्यांमुळे मासळीचा साठा घटतो आहे, हे गाऱ्हाणे येथील रापणकर आणि गिलनेटधारक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे मांडले. समुद्रात संघर्षाचे प्रसंगही आले. पण किनाऱ्याला खरा आधार मिळाला तो डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन-अधिसूचनेमुळे, ज्यायोगे पर्ससीन मासेमारीवर क्षेत्राची आणि काळाची बंधने आली. २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. अंमलबजावणीतील त्रुटींविषयी मच्छीमार आजही बोलतात आणि त्यांनी बोललेच पाहिजे. परंतु बोलण्यासाठी हाती कायद्याचे कलम आहे, ही कमाई एखाद्या रात्रीच्या संतापाची नाही.

बांबर्डे-हेवाळे येथील देवराईत जंगली जायफळाची दलदल आहे, अवघी २.५९ हेक्टरांची. महाराष्ट्रात अत्यंत दुर्मिळ असलेली ही परिसंस्था इतकी वर्षे राखली ती देवाच्या नावाने, आणि आता शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. आधी राखणदार, नंतर राजपत्र. दोघे एकमेकांचे वैरी नाहीत. श्रद्धेने जे जपले त्याला कायद्याचे कुंपण घालणे, हा या जिल्ह्याने दाखविलेला मार्ग आहे.

म्हणून चित्रपटातल्या तपास अधिकाऱ्याकडेही सहानुभूतीने पाहावेसे वाटते. आडगावी मृत्यू झाला आहे, साक्षीदार गप्प आहेत, गावाचा एकोपा भिंतीसारखा उभा आहे, आणि त्याला फक्त एवढेच विचारायचे आहे की हे कोणी केले? त्याचा हा प्रश्न निर्जीव सरकारी सोपस्कार नाही. कोणाचाही जीव गेला, अगदी पाप्याचा गेला, तरी त्याची नोंद झाली पाहिजे, कारण शोधले पाहिजे, ही भूमिका म्हणजे सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. तिचा खरा लाभ माधवसारख्या मृतांच्या आईबापांनाच व्हावयाचा आहे. मुलाच्या मृत्यूचा तपास पहिल्या दिवशी नीट झाला, तर कोणत्याही बाबुलीला मुकुट घालून अंधारात निघावे लागणार नाही. सूडकथेचा जन्म फसलेल्या तपासाच्या पोटी होतो. तेव्हा टाळ्या सूडाला द्याव्यात की तपास सुधारण्याचा आग्रह धरावा, याचा निर्णय आपल्याला करावयाचा आहे.

तपास आपल्या घरापर्यंत येतो

पडद्यावर अपराधी ठळक असतात. त्यांचा वेष, बोलणे, हसणे यांवरूनच ते ओळखू येतात. प्रत्यक्षात गाव मरते ते इतक्या सरळ रीतीने नाही. तपास अधिकाऱ्याच्या चिकाटीने आपणच शोध घेऊ लागलो, की खाणीच्या नकाशावरून खरेदीखतापर्यंत, खरेदीखतावरून मुखत्यारपत्रापर्यंत आणि मुखत्यारपत्रावरून एका सहीपर्यंत पोहोचतो. ती सही बहुधा कोणा परक्याची नसते. ती मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे स्थिरावलेल्या सुशिक्षित सहहिस्सेदाराची असते. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारस बावीस, त्यांपैकी गावात राहणारे दोन. ‘आपण कोण जाणार आहोत तिकडे राहायला?’ असे म्हणत दलालाने पुढे केलेल्या कागदावर सही होते. डोंगर कोणाला आणि कशासाठी विकला, हे विचारण्याचीही कोणाला सवड नसते. मग पाच वर्षांनी गणपतीला गेल्यावर डोंगर अर्धा कापलेला दिसतो आणि आपण परप्रांतीय धनिकांना शिव्या घालतो.

या प्रकरणात मारेकरी एक नाही आणि त्याला मारून गाव वाचणारही नाही. येथे लागते ते दुसऱ्या प्रकारचे शौर्य. वारसनोंदी वेळेवर करून घेणे, सातबारा स्वतः वाचणे, सामायिक जमिनीचा निर्णय सर्व भावकीने एकत्र बसून करणे, ग्रामसभेला हजर राहणे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या खाण प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. त्या तीस दिवसांत प्रकल्पाचा अहवाल मिळवून, वाचून, लेखी हरकत नोंदविणे हे काम गावातल्या शिक्षकाला, मुंबईतल्या अभियंत्याला, पुण्यातल्या वकिलाला सहज जमण्यासारखे आहे. संघटनेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याने गावोगावच्या या शिकलेल्या मंडळींची नुसती यादी केली आणि गरजेच्या वेळी त्यांना एकत्र आणले, तरी फार मोठे कार्य होईल.

चित्रपटाने आणखी एका ऋणाची आठवण करून दिली आहे, ती दशावतारी कलावंताच्या. वालावल, मोचेमाड, चेंदवण, पार्से अशा गावांची नावे मिरविणाऱ्या मंडळ्यांनी ही कला तगविली. बाबी नालंग, सुधीर कलिंगण यांच्यासारख्या नटांनी संहितेवाचून रात्र-रात्र प्रेक्षक बांधून ठेवला. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि कलावंत एका गावाहून दुसऱ्या गावी रात्रीचा दिवस करीत फिरतो. हंगाम संपला की तोच मोलमजुरी करतो किंवा शेतात राबतो. चित्रपटगृहात तिकीट काढून बाबुलीसाठी डोळे टिपणाऱ्या कुटुंबाने पुढील वर्षी सुटी घेऊन एक तरी दहीकाला मुलांना अखेरपर्यंत दाखवावा. रंगमंचाच्या मागे जाऊन आरशासमोर स्वतःचा चेहरा रंगविणारा नट दाखवावा, आणि पहाटे तो चेहरा धुताना दिसणारा माणूसही दाखवावा. त्या दोहोंच्या मधले अंतर मुलांना कळले, तर वध आणि खून यांतले अंतर वेगळे शिकवावे लागणार नाही.

कोकणात संकट आले की गाव देवळात जमते आणि गाऱ्हाणे घालते. या शब्दाचे मोठे मोल आहे. गाऱ्हाणे म्हणजे प्रार्थना आणि गाऱ्हाणे म्हणजे तक्रारही. एकजण बोलतो, दोष सांगतो, मागणे मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सारे गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देते. आचऱ्याचा रामेश्वर कौल देतो तेव्हा गुराढोरांसह सारे गाव घरे सोडून तीन दिवस वेशीबाहेर राहते. एकट्याने काही करावयाचे नाही, जे करावयाचे ते सर्वांनी मिळून, ही त्या मातीची रीत आहे. बाबुलीची शोकांतिका मला येथे दिसते. त्याचे गाऱ्हाणे खरे होते, त्याचे दुःख डोंगराएवढे होते, पण त्याच्या मागे उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे कोणी नव्हते. माणूस एकटा पडतो तेव्हाच तो अवताराचे शस्त्र उसने घेतो.

असा एकटा बाप आपल्या गावात, आपल्या वाडीत, आपल्या चाळीत असेल. त्याच्या मुलाच्या अपघाताची चौकशी रखडली असेल, त्याच्या जमिनीचा फेरफार कोणी परस्पर केला असेल. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणारी चार माणसे हवीत, तहसील कार्यालयात त्याच्या शेजारी बसणारी दोन हवीत, न्यायालयाच्या तारखेला त्याला सोबत करणारे एक तरी हवे. ती माणसे आपणच व्हावयाचे आहे.